मुलाच्या हातांतील मोबाइल

संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. दोन वर्षांचें मूल आपल्या उंच खुर्चींत बसलेलें असतें. समोर पाण्याच्या तांब्याला टेकवून मोबाइल उभा केलेला असतो आणि त्यांत एक रंगीत हत्ती गाणें म्हणत नाचत असतो. शेजारीं आजी वाटींत वरणभात कालवून बसलेली असते. मुलाची नजर हत्तीवर खिळलेली; तोंड मात्र घास जवळ आला कीं आपोआप उघडतें. दहा-बारा मिनिटांत वाटी रिकामी होते. मग मोबाइल उचलला जातो, आणि त्याच क्षणीं असा कांहीं आकांत सुरू होतो कीं भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडालाहि कळावें, या घरचें जेवण आटोपलें.

पुण्या-मुंबईच्या, नाशिक-नागपूरच्या सुशिक्षित घरांतून हें दृश्य आतां इतकें सरावाचें झालें आहे कीं त्यांत कोणाला कांहीं वावगें वाटेनासें झालें आहे. मुलाचें पोट भरलें, आजीचे गुडघे वाचले, आईला कार्यालयांतून घरीं आणलेलें काम पुरें करावयास अर्धा तास मिळाला. मग बिघडलें कोठें? तक्रार असते ती फक्त शेवटच्या रडण्याची. परंतु विचार करण्याजोगी गोष्ट त्या रडण्यांत नसून त्यापूर्वींच्या दहा-बारा मिनिटांच्या शांततेंत आहे.

याच आजीनें तीस-पस्तीस वर्षांपूर्वीं आपल्या मुलाला कडेवर घेऊन, गॅलरींतला कावळा दाखवीत, चिऊ-काऊच्या नांवानें घास भरविलेले असतात. त्यांतहि मुलाला भुलविणें होतेंच. त्या काळच्या आया सर्व कांहीं शास्त्र पाहून करीत, असें समजण्याचें कारण नाहीं. पण तेथला काऊ मुलासाठीं थांबत असे. मुलानें तोंड मिटलें कीं गोष्टहि थांबे. मुलानें बोट दाखवून 'काऊ' म्हटलें कीं आजी म्हणे, 'हो, काऊच तो! कसा काळा काळा!' मुलानें दोनदां मान फिरविली म्हणजे पोट भरलें, हें तिला कळे आणि हळूहळू मुलालाहि कळूं लागे. पडद्यावरचा हत्ती कोणासाठीं थांबत नाहीं. मूल हसलें काय, 'हत्ती' म्हणालें काय, किंवा त्याला उचकी लागली काय, त्याचा नाच ठरल्याप्रमाणें चालूच राहतो. वरणभाताची चव, पोट भरल्याची जाणीव आणि समोरच्या माणसाशीं होणारी शब्दांची देवघेव, या तिन्ही गोष्टी त्या शांततेंत एकदम गळून पडतात.

हा केवळ जुन्या माणसांचा हळवेपणा आहे असें कोणी म्हणेल. म्हणून एका प्रयोगाची हकीकत येथें सांगणें अवश्य आहे. अमेरिकेंत सिअॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठांत पॅट्रिशिया कूल या विदुषीनें आपल्या सहकाऱ्यांसह केलेला हा प्रयोग २००३ सालीं प्रसिद्ध झाला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील नऊ महिन्यांच्या कांहीं मुलांजवळ चिनी भाषा बोलणारी एक व्यक्ति येऊन बसे, त्यांना चित्रांचीं पुस्तकें दाखवी, खेळणीं खेळवी आणि हें सर्व चालू असतांना चिनींतच बोले. सुमारें पंचवीस-पंचवीस मिनिटांच्या अशा बारा बैठकी झाल्या. नंतर परीक्षा घेतां असें दिसून आलें कीं, इंग्रजींत नसलेले कांहीं चिनी ध्वनी हीं मुलें वेगळे ओळखूं लागलीं आहेत. आणि तेंहि तैवानांतील चिनी घरांत वाढलेल्या मुलांच्या तोडीनें. दुसऱ्या कांहीं मुलांना तीच माणसें, तीच पुस्तकें, तेंच बोलणें, तितकाच वेळ, पण पडद्यावर दाखविण्यांत आलें. हीं मुलें पडद्याकडे लक्ष देऊन पाहत. परंतु परीक्षेंत त्यांना कांहींएक आलें नाहीं. चिनी भाषा मुळींच न ऐकलेल्या मुलांत आणि त्यांच्यांत फरक आढळला नाहीं. त्या वेळीं बोट लावतांच चालणारा मोबाइल घरोघर आलेला नव्हता. पडदा साध्या दूरचित्रवाणीचा होता. मोबाइलवरच्या गाण्यांनीं मूल इंग्रजी शिकतें अशी समजूत असणाऱ्या पालकांनीं हा प्रयोग अवश्य ध्यानांत ठेवावा. रंगांचीं नांवें आणि आंकडे मूल घडाघडा म्हणून दाखवितें, हें खरें. पण तांबडा चेंडू मागितला असतां तें तांबडाच आणून देतें कीं नाहीं, हेंहि एकदां पाहावें.

अमेरिकेंतच २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगानें या गोष्टीची दुसरी बाजू दाखविली. दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना पडद्यावरून नवीं क्रियापदें शिकविण्यांत आलीं. पडद्यावरील व्यक्ति जेव्हां प्रत्यक्ष त्या मुलाशीं बोलत होती, त्याचें उत्तर ऐकून घेऊन मग पुढें जात होती, तेव्हां मुलें तीं क्रियापदें समोर बसून शिकविल्यासारखींच शिकलीं. आधीं चित्रित केलेलें बोलणें दाखविलें तेव्हां मात्र शिकलीं नाहींत. दोष काचेचा नाहीं. काचेच्या पलीकडे वाट पाहणारें कोणी नसणें, हा दोष आहे. म्हणून सदाशिव पेठेंतल्या आजोबांनीं न्यू जर्सींतल्या नातवाला रविवारीं सकाळीं व्हिडिओ कॉलवर गोष्ट सांगितली तर तिला कोणी 'स्क्रीन टाइम' म्हणून नाक मुरडूं नये. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेंहि दोन वर्षांखालील मुलांना पडदा वर्ज्य सांगतांना नातलगांशीं प्रसंगोपात्त होणाऱ्या अशा संभाषणाचा अपवाद केलेला आहे.

येथें एक सावधगिरीची सूचना. मूल उशिरां बोलूं लागलें म्हणजे हल्लीं सारें खापर मोबाइलवर फोडण्याची चाल पडली आहे. तसें नेहमींच नसतें. मूल दोन वर्षांचें होऊनहि दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर मोबाइल तर बंद करावाच; पण तेवढ्यावर समाधान न मानतां त्याचे कान तपासून घ्यावे आणि बालरोगतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. ऐकूं कमी येत असलेल्या मुलाचीं मोलाचीं वर्षें 'मोबाइल बंद केला आहे, आतां बोलेल' या आशेवर फुकट जातां कामा नयेत.

हें यंत्र घरांत शिरलें तरी किती लवकर! बोटाच्या स्पर्शानें चालणारा आयफोन २००७ सालीं निघाला, आयपॅड २०१० सालीं. आपल्याकडे २०१६ च्या सप्टेंबरांत जिओ आल्यावर नेट इतकें स्वस्त झालें कीं मोजून वापरण्याची गरज उरली नाहीं. आणि मार्च २०२० मध्यें करोनाच्या सांथींत शाळा बंद पडल्या, तेव्हां जो मोबाइल मास्तर दप्तरांतून काढून घेत असत, तोच हातांत घेऊन बसण्याची आज्ञा शाळेनेंच मुलांना केली. शाळा पुढें उघडल्या. मोबाइल मात्र परत गेला नाहीं. अभ्यासाच्या सूचना, वर्गाचा व्हॉट्सअॅप गट, प्रकल्पासाठीं लागणारीं चित्रें, असें कांहीं ना कांहीं निमित्त त्याला राहिलेंच. 'अभ्यास करतोय' या दोन शब्दांपुढें पालक निरुत्तर होतात, त्याचें मूळ तेथें आहे.

आतां मूल मोबाइल खालीं कां ठेवीत नाहीं, या मुख्य प्रश्नाकडे वळावयास हरकत नाहीं. त्याचें एक कारण असें कीं, त्याला शेवटच नाहीं. पुस्तकांत प्रकरण संपतें. पत्त्यांचा डाव संपतो. आकाशवाणीवरचा बालोद्यान कार्यक्रम वेळ झाली कीं संपत असे आणि मुलें उठून खेळावयास जात. त्यांना कोणी उठवावें लागत नसे. मोबाइलवर मात्र एक व्हिडिओ संपण्याच्या आंत दुसरा सुरू होतो, आणि बोटानें वर सारीत राहिलें तर पान कधींच संपत नाहीं. ही न संपणाऱ्या पानाची युक्ति २००६ सालीं एझा रास्किन या अमेरिकन तंत्रज्ञानें काढली. पुढें तिचे परिणाम पाहून त्यांनीं स्वतःच जाहीरपणें खेद व्यक्त केला. जाहिरातींवर चालणाऱ्या धंद्यांत पाहणाऱ्यानें जितका अधिक वेळ पाहावें तितका लाभ अधिक. तेव्हां तेथें 'समाप्त' अशी पाटी कोण कशाला लावील? मोठमोठ्या अधिकारपदांवरचीं माणसें रात्रीं एकच रील पाहूं म्हणून बसतात आणि बारा वाजतां उठतात. मग पांच वर्षांच्या मुलानें स्वतः होऊन थांबावें अशी अपेक्षा करून त्याला हट्टी ठरविणें हें न्यायाचें नाहीं. जो शेवट यंत्रांत नाहीं तो घरच्या माणसांनीं पुरवावयाचा आहे.

तो पुरवितांना एक चूक मात्र जवळजवळ सर्व घरांतून होते. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें कबुतरांवर पुष्कळ प्रयोग केले. चोंच मारतांच प्रत्येक वेळीं दाणा मिळणारें कबुतर, दाणा बंद झाला कीं लवकरच चोंच मारण्याचें सोडून देई. पण ज्याला कधीं दुसऱ्या टोचणीला, कधीं विसाव्या, कधीं पन्नासाव्या टोचणीला दाणा मिळाला, तें दाणा बंद झाल्यावरहि कितीतरी वेळ टोचत राही. रील वर सारणाऱ्या बोटाची गति हीच आहे. दहांतला एखादाच व्हिडिओ गंमतीचा निघतो, म्हणून तर अकरावा पाहिला जातो. परंतु हाच नियम मुलाच्या रडण्यालाहि लागू आहे, हें पालकांच्या ध्यानांत येत नाहीं. सोमवारीं आई ठाम राहते. मंगळवारीं बाबा दमून आलेले असतात म्हणून 'दे बाई एकदांचा' म्हणतात. बुधवारीं पुन्हां नकार. गुरुवारीं पाहुणे आलेले असतात म्हणून होकार. मूल यांतून एवढेंच शिकतें कीं रडणें मधूनच फळतें, तेव्हां सोडतां कामा नये. रोज अर्धा तास देणारें घर यापेक्षां पुष्कळ सुखी असतें. देणार असाल तर मुलानें रडण्यापूर्वीं द्या, आणि नाहीं म्हटलें असेल तर रडण्यासाठीं देऊं नका. पहिले चार-सहा दिवस रडणें वाढतें. तें वाढलें म्हणजे उपाय फसला असें नव्हे. त्याच दिवसांत सासूबाई, शेजारीण आणि स्वतःचें मन असे तिघे मिळून फितुरी करतात.

लहान मुलाला 'वीस मिनिटें' म्हणजे काय तें कळत नाहीं. 'या दोन गोष्टी' म्हणजे काय तें कळतें. म्हणून वेळ मोजण्यापेक्षां गोष्टी मोजून द्याव्या. कोणत्या दोन, हें आधीं ठरवावें, आणि शक्य तर त्या उतरवून घेऊन नेट बंद करून दाखवाव्या. म्हणजे दुसरी संपल्यावर पुढें कांहीं येतच नाहीं. आपोआप पुढचा व्हिडिओ सुरू करणारी सोय बंद करतां येते, ती सर्वांत आधीं बंद करावी. यूट्यूब किड्समध्यें पालकांनीं निवडलेलेच व्हिडिओ दिसतील अशी तजवीज आहे. वेळ संपतांच पडदा बंद करणारें घड्याळहि आहे. अँड्रॉइड मोबाइलवर फॅमिली लिंक आणि आयफोनवर स्क्रीन टाइम या सोयींनीं रोजची मर्यादा आणि रात्रीची बंदी घालतां येते, तसेंच परवानगीवांचून नवें अॅप उतरवितां येणार नाहीं अशी व्यवस्था होते. त्यांचा पासवर्ड मात्र मुलाची जन्मतारीख ठेवूं नये! गोष्ट संपली कीं बंद करण्याची कळ मुलालाच दाबूं द्यावी. हातांतून हिसकावून घेतलेल्या वस्तूसाठीं मूल जितकें रडतें तितकें स्वतः ठेवलेल्या वस्तूसाठीं रडत नाहीं. आणि लगेच पुढें कांहींतरी असावें: आजीबरोबर मटार सोलावयाचे, देवापुढें निरांजन लावावयाचें, खालीं जाऊन दूध आणावयाचें. 'आतां बंद कर' एवढ्यावर वाक्य संपलें तर मुलापुढें मोकळी भिंतच उरते.

कंटाळ्याला पालकांनीं इतकें भिऊं नये, हेंहि येथेंच सांगितलें पाहिजे. 'मला कंटाळा आला' असें मुलानें म्हणतांच धांवत जाऊन करमणूक पुरविण्याची रीत फार जुनी नाहीं. घरांत पत्त्यांचा जोड, सापशिडी, रंगीत खडू, जुने पुठ्ठे आणि कात्री एवढें हाताशीं असलें आणि मूल अर्धा तास खरोखरच कंटाळूं दिलें, तर तें बहुधा पुठ्ठ्याची आगगाडी करून येतें. घरांत पसारा होतो, ही गोष्ट खरी आहे. मोबाइल पसारा करीत नाहीं, हेंच त्याच्या लोकप्रियतेचें एक कारण आहे.

किती वेळ, हा प्रश्न पालक सर्वांत आधीं विचारतात. उत्तर थोडक्यांत देतां येतें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं सांगितलें कीं, दोन वर्षांच्या आंत बैठा पडदा नको; दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसांत एक तासाहून अधिक नको, आणि त्याहून कमी असल्यास बरें. इंडियन अॅकॅडमी ऑफ पीडिअॅट्रिक्स या आपल्याकडील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनें २०२२ सालीं प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनांत दोन ते पांच वर्षांसाठीं एक तासाची आणि पांच ते दहा वर्षांसाठीं दोन तासांच्या आंतली मर्यादा दिली आहे. दहा वर्षांपुढें आंकड्यापेक्षां झोप, अभ्यास, मैदानी खेळ आणि घरच्यांचा सहवास यांची जागा पडद्यानें घेतलेली नाहीं ना, हें पाहावयाचें. हे आंकडे कमाल मर्यादेचे आहेत. रेशनाच्या धान्यासारखा मुलाचा तो रोजचा हक्क नव्हे.

डोळ्यांविषयीं एक गोष्ट फारशी ठाऊक नसते. चष्मा लागण्याचें कारण केवळ जवळून पाहणें एवढेंच नसून, मोकळ्या उजेडांत न जाणें हेंहि आहे. तैवानांत २०१० पासून सरकारनें शाळांच्या द्वारें प्राथमिक शाळेंतील मुलांना रोज दोन तास उघड्यावर नेण्याची मोहीम सुरू केली, आणि वर्षानुवर्षें चढत चाललेलें अधू दृष्टीच्या मुलांचें प्रमाण त्यानंतर उतरूं लागलें. दोन तास ढगाळ आकाशाखालीं गेले तरी चालतात. मोबाइल काढून घेऊन मुलाला घरांतच पुस्तकाशीं बसविणाऱ्या पालकाचें काम म्हणून अर्धेंच झालेलें असतें. झोपेचेंहि तसेंच आहे. रात्रीं डोळ्यांवर पडणारा पडद्याचा उजेड झोप आणणाऱ्या मेलाटोनिन या द्रव्याला मागें रेटतो. आणि उजेडापेक्षांहि जागें ठेवतें तें 'आणखी एकच'. झोपण्यापूर्वीं तासभर पडदा बंद आणि मोबाइल झोपण्याच्या खोलीबाहेर, ही व्यवस्था ज्या घरीं आहे तेथें सकाळीं शाळेच्या बसला उशीर होण्याचें एक कारण तरी कमी होतें.

पण मोबाइल खोलीबाहेर ठेवावयाचा तो कोणाचा? येथें विषय अवघड होतो. अमेरिकेंत बॉस्टनच्या परिसरांतील उपाहारगृहांतून बालरोगतज्ज्ञ जेनी रॅडेस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं मुलांसह जेवावयास आलेल्या मोठ्या माणसांचें निरीक्षण केलें; तें २०१४ सालीं प्रसिद्ध झालें. पंचावन्न माणसांपैकीं चाळीस जणांनीं जेवतांना मोबाइल वापरला. कांहीं तर जेवण संपेपर्यंत त्यांतच बुडालेले होते, आणि मूल मधें मधें करूं लागलें कीं त्याच्यावर खेंकसत होते. असें निरीक्षण डेक्कन जिमखान्यावर किंवा ठाण्याच्या एखाद्या उपाहारगृहांत करावयास विद्यापीठाची गरज नाहीं; रविवारीं संध्याकाळीं शेजारच्या टेबलाकडे पाहिलें तरी पुरे. बापानें सोफ्यावर पडून मोबाइल चाळीत चाळीत 'मोबाइल ठेव आणि अभ्यासाला बस' असें म्हणावें, आणि मुलानें तें मनावर घ्यावें, हें घडत नाहीं. बहुतेक घरांतून दोष मात्र आईच्या पदरीं पडतो, कारण मुलाला जेवूं घालण्याचें, निजविण्याचें आणि गप्प बसविण्याचें काम तिच्याकडेच असतें.

शाळेंत तास संपल्याची घंटा होते तेव्हां कोणताहि विद्यार्थी घंटेशीं हुज्जत घालीत नाहीं. घालतो ती मास्तरांशीं. घंटा मास्तरांनाहि लागू असते, तेव्हां तिच्यांत कोणाची मर्जी नाहीं हें मुलांना उमगतें. सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचे वडगाव या खेड्यानें २०२२ सालीं केलें तें हेंच. करोनानंतर मुलें मोबाइलला आणि मोठीं माणसें दूरचित्रवाणीवरील मालिकांना चिकटलेलीं पाहून तेथील पंचायतीनें संध्याकाळीं सात वाजतां देवळावरील भोंगा वाजवावा आणि दीड तास गांवांतील सर्व मोबाइल व दूरचित्रवाणी संच बंद राहावे असें ठरविलें. पुरुष मंडळींनीं प्रथम ही गोष्ट हंसण्यावारी नेली. मग पंचायतीनें बायकांची सभा घेतली, आणि मालिकांचें आपल्यालाच वेड लागूं पाहतें आहे हें बायकांनीं मोकळेपणानें कबूल करून पाठिंबा दिला. सुरवातीस घरोघर जाऊन सांगावें लागलें. तो भोंगा मुलांसाठीं वाजत नव्हता, सर्वांसाठीं वाजत होता. म्हणून मुलांना तो शिक्षा वाटण्याचें कारण नव्हतें.

शहरांतल्या इमारतीवर असा भोंगा बसविणें शक्य नाहीं; सोसायटीच्या सभेंत त्यावर दोन वर्षें चर्चाच होईल. पण एका घरापुरता नियम करतां येतो. जेवणाच्या वेळीं कोणाचाच मोबाइल टेबलावर नाहीं. रात्रीं साडेनवाला आजोबांपासून सर्वांचे मोबाइल बैठकीच्या खोलींतल्या एकाच चार्जरच्या फळीवर. ज्यांना कार्यालयाच्या किंवा दवाखान्याच्या कामासाठीं रात्रींहि फोन घ्यावा लागतो त्यांनीं तो सर्वांदेखत घ्यावा, बोलून परत ठेवावा, आणि काम काय होतें तें मुलाला एका वाक्यांत सांगावें. गजराचें कारण पुढें येईल, तर बाजारांत गजराचें घड्याळ अजून मिळतें. दोघेहि नोकरीला जाणाऱ्या घरीं मूल दिवसभर आजीकडे किंवा सांभाळणाऱ्या बाईकडे असतें. तेथें नियम चालावा असें वाटत असेल तर तिला आज्ञा देऊन भागत नाहीं. साठ-सत्तरीच्या बाईला चपळ मुलामागें धांवणें झेपत नाहीं, म्हणून ती मोबाइल लावते. तिच्या हाताशीं दुसरें काय आहे, याची तजवीज सकाळीं घरांतून निघण्यापूर्वीं झाली पाहिजे.

मूल दहा-बारा वर्षांचें झालें म्हणजे प्रश्नाचें रूप पालटतें. आतां किती वेळ यापेक्षां कोणाबरोबर, हें महत्त्वाचें होतें. इन्स्टाग्रामसारख्या माध्यमांवर तेरा वर्षांखालील मुलांनीं खातें काढूं नये असा त्या माध्यमांचाच नियम आहे. तो जन्मसाल खोटें घालून मोडला जातो, आणि पुष्कळदां तें साल पालकच घालून देतात. ऑस्ट्रेलियानें १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना अशा माध्यमांवर खातें ठेवण्यास कायद्यानें मनाई केली. आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा २०२३ चा कायदा अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यापूर्वीं पालकांची संमति आवश्यक ठरवितो आणि मुलांच्या हालचालींवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखविण्यास मज्जाव करतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें निघाले असून अंमल टप्प्याटप्प्यानें व्हावयाचा आहे. कायदे येवोत, तेरा वर्षांच्या मुलीला रात्रीं अकराला अनोळखी माणसाचा संदेश येतो तेव्हां कायदा तिच्या खोलींत नसतो.

यासाठीं कांहीं पालक मुलाच्या नकळत त्याचे संदेश वाचतात. तें एक ना एक दिवशीं उघडकीस येतें आणि मग मूल दुसरें खातें काढतें. त्यापेक्षां पहिला मोबाइल देतांनाच स्पष्ट सांगावें, कीं हा घरचा मोबाइल आहे, याचा पासवर्ड आई-बाबांना ठाऊक असेल, आणि ते अधून मधून तुझ्यासमोर तो पाहतील. चौदा-पंधराव्या वर्षीं हें पाहणें कमी करीत जावें. कोणता गेम खेळतोस, त्यांत कोणाशीं बोलतोस, हें पोलिसी थाटानें न विचारतां एखादा डाव त्याच्याशेजारीं बसून खेळावा. हरल्यावर मूल पुष्कळ कांहीं सांगतें.

सर्वांत मोठी अडचण निराळीच आहे. फसलेलें किंवा घाबरलेलें मूल घरीं सांगत नाहीं. एखाद्यानें फोटो मागितलेला असतो, दिलेला फोटो सर्वांना दाखविण्याची धमकी घातलेली असते, किंवा गेमच्या नादांत आईच्या खात्यांतून पैसे गेलेले असतात. मूल गप्प राहतें, कारण सांगितलें तर मोबाइल जाईल हें त्याला पक्कें ठाऊक असतें. 'असें कांहीं केलेंस तर मोबाइल कायमचा बंद' असें घरांत शंभरदां बजावलेलें असतें. धमकी देणारा मनुष्यहि याच भीतीवर आपला धंदा चालवितो. म्हणून ही एक शिक्षा घरांतून काढून टाकावी, आणि काढून टाकल्याचें मुलाला आधींच सांगून ठेवावें: चूक तुझी असली तरी, घडलेलें येऊन सांगितल्याबद्दल मोबाइल जाणार नाहीं.

मूल येऊन बोललें तर 'बरें केलेंस सांगितलेंस' हें पहिलें वाक्य असावें. मग तें संभाषण, समोरच्याचें खातें आणि फोटो यांचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवावे. घाबरून कांहीं पुसून टाकूं नये. धमकीला पैसे देऊं नयेत. एकदां दिले कीं मागणी वाढते. पुरावा जपल्यावर त्या माणसाला ब्लॉक करावें. मुलांशीं अशा रीतीनें वागणें हा २०१२ च्या पॉक्सो कायद्याखालीं गुन्हा आहे. तक्रार पोलिस ठाण्यांत किंवा केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर करतां येते. संकटांतील मुलांसाठीं १०९८ हा दूरध्वनि अहोरात्र चालू असतो; मूल स्वतःहि त्यावर बोलूं शकतें. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावें. जितक्या लवकर कळवावें तितकी रक्कम वाटेंतच अडविली जाण्याचा संभव अधिक असतो. तेव्हां आधीं मुलाला तासभर रागावून घ्यावें आणि मग फोन करावा, हा नेहमींचा क्रम तेवढ्यापुरता तरी बाजूस ठेवावा.